दुधाच्या पिशव्या साठवून कंटाळा आला, नाशिककरांनो काय करता?

इंदिरानगरला राहते, घरात पाच माणसं, रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. धुवून बाल्कनीत दोरीला चिमट्याने लावते, सासूबाई म्हणतात तोरण बांधलंय का. महिनाभराच्या साठ पिशव्या घेऊन भंगारवाल्याकडे गेले तर पावकिलो पण भरेना, म्हणाला ताई, किलोभर झालं की या. आणि चिप्सची पाकिटं तर त्याने बघितलीच नाहीत. सगळं घंटागाडीच्या सुक्यात टाकून मोकळं व्हावं का?

गोदाकाठी:
पिशव्या साठवाच, त्या एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात त्यामुळे वितळवून परत वापरता येतात. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि चकचकीत पदर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणार कोण, म्हणून भंगारवाला नाही म्हणतो, त्याची चूक नाही. ती सुक्यातच टाका. आणि कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका हो, लटकत ठेवा. आमच्या सिंकची जाळी काढली तेव्हा असे वीसेक निळे त्रिकोण निघाले 😅

पंचवटीकर:
2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाची रिकामी पिशवी परत केली की किमान 50 पैसे द्यायचे असा नियम होता. मी खरंच 40 पिशव्या घेऊन आमच्या डेअरीवर गेलो. तो आधी पिशव्यांकडे बघत बसला मग माझ्याकडे, आणि म्हणाला काका, चहा घेता का. चहा पण कागदी कपात, ज्याला आतून प्लास्टिकचाच थर असतो!

सिडकोवाली:
मी पिशवीच बंद केली, गवळी दारात येतो, पातेलं पुढे करायचं. दर थोडा जास्त पडतो आणि पावसाळ्यात कधी खाडा होतो, पण दोरी मोकळी झाली. खरी पंचाईत भाजीची, कापडी पिशवी नेली तरी कोथिंबीर पातळ पिशवीत घालूनच हातात देतात, नको म्हणायच्या आत गाठ मारलेली असते.

मूळ प्रश्नकर्ती:
@सिडकोवाली कोथिंबिरीचं अगदी अगदी!! गवळ्याचं विचारते शेजारी. तोवर सोसायटीत जिन्याखाली एक पोतं ठेवते, बारा घरं आहेत, सगळ्यांनी धुवून टाकल्या तर महिन्यात किलोभर सहज होतील. न धुता टाकणारे दोघं कोण असतील ते आत्ताच माहितीये.