पीएचडीच्या अर्जात मार्कांना नक्की वजन किती?

अपूर्णांक (धागाकर्ता)

‘पीएचडीला मार्क बघत नाहीत, रिसर्च बघतात’ हे वाक्य विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा ऐकवलं जातं की शेवटच्या वर्षी वर्गाकडे पाठ फिरवून लॅबमध्येच मुक्काम ठोकायची पद्धत पडत चालली आहे. मला हे मत घातक वाटतं. मार्कांवर प्रवेश मिळत नाही हे खरं, पण अर्ज नीट वाचला जाईल की नाही हे मार्कांवर ठरतं.

समिती प्रवेश देते ती पद्धत घ्या, म्हणजे मुख्यतः अमेरिका. विभागाकडे काहीशे अर्ज येतात. वाचणारे मोजके प्राध्यापक, तेही शिकवणं आणि ग्रँटचं लिखाण सांभाळून. पहिल्या फेरीत एका अर्जाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं आली तरी खूप. बऱ्याच ठिकाणी पदवीच्या सरासरीला ४ पैकी ३.० ही किमान अट असते. आत गेल्यावर टिकायलाही साधारण तेवढीच सरासरी राखावी लागते, कारण पहिली एक-दोन वर्षं कोर्स आणि क्वालिफाइंग परीक्षेत जातात. समितीला धास्ती असते ती याच टप्प्याची. पाच वर्षांचं फंडिंग कबूल केलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी गळाला तर ती जागाच वाया जाते.

मात्र एकूण सरासरी हा गुणपत्रिकेवरचा सर्वांत बिनकामाचा आकडा आहे. ८.२ आणि ८.६ यांत कोणी फरक करत नाही. बघतात ते शेवटच्या दोन वर्षांचा आलेख कुठे चाललाय, आणि ज्या विषयात पीएचडी करायची त्याचा कणा असलेले पेपर कसे गेलेत. कंडेन्स्ड मॅटरमध्ये (घन-द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रात) काम करायचंय म्हणणाऱ्याचे क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स दोन्ही काठावर सुटले असतील, तर बाकीच्या विषयांतले नव्वद टक्के त्याला वाचवत नाहीत. उलट पहिल्या वर्षी एखाद्या अवांतर विषयात गटांगळी खाल्ली असेल तर तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

पिपेट

वर्णन बरोबर, निष्कर्ष चूक. समित्या मार्क बघतात म्हणून मार्क बघणं योग्य ठरत नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या बायोमेडिकल पीएचडी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१७ साली ‘प्लॉस वन’मध्ये आला. आत आलेल्यांपैकी पुढे कोणाचे किती शोधनिबंध झाले, याचा मार्कांशी संबंध दिसला नाही, जीआरई या प्रवेशपरीक्षेशीही नाही. दिसला तो शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनी केलेल्या मूल्यांकनाशी.

यात नवल काय? परीक्षेतल्या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते तीन तासांत सापडतं. लॅबमध्ये महिनाभर वेस्टर्न ब्लॉटवर (नमुन्यातलं ठरावीक प्रोटीन ओळखायच्या चाचणीत) पट्टाच उमटत नाही. दोष अँटिबॉडीचा, ट्रान्सफरचा, की प्रोटिएज इनहिबिटर घालायचा राहिल्यामुळे नमुन्यातलं प्रोटीनच तुटलं, हे एकेक शक्यता खोडत शोधावं लागतं. ते कोणाला जमतं हे गुणपत्रिका सांगू शकत नाही. शेजारी उभं राहून ज्याने पाहिलंय तोच सांगू शकतो.

अपूर्णांक

@पिपेट, त्याच अभ्यासातलं सोयीचं तेवढंच उचललंत. आधी किती काळ संशोधन केलं होतं याचाही उत्पादकतेशी संबंध दिसला नव्हता, आणि प्राध्यापकांनी मुलाखतीत दिलेल्या गुणांचाही. मग रिसर्चचा अनुभव बघणंही सोडून द्यायचं का?

खरी गोम वेगळीच आहे. हे सगळे अभ्यास प्रवेश मिळालेल्यांवर होतात. ज्यांना मार्कांमुळे नाकारलं ते त्या आकडेवारीत नाहीतच. उरलेल्यांचे मार्क एका अरुंद पट्ट्यात असतात आणि अरुंद पट्ट्यात कुठलाही संबंध फिका पडतो. शिवाय कमी मार्क असूनही जो आत आला, त्याचं दुसरं काहीतरी फार जोरकस होतं म्हणूनच आला. म्हणजे निवड करतानाच तूट भरून काढली जाते आणि नंतर आपण म्हणतो, बघा, मार्कांनी काही फरक पडला नाही!

भौतिकशास्त्राच्या पीएचडीबद्दल २०१९ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये मोठं विश्लेषण आलं. लेखकांचा रोख प्रचलित निकषांविरुद्धच होता. समित्या समजतात तितकं या आकड्यांवरून पीएचडी पूर्ण होईल की नाही हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तरीही पदवीच्या मार्कांचा पूर्णत्वाशी संबंध त्यांच्या प्रत्येक मॉडेलमध्ये टिकला, जीआरईच्या फिजिक्स विषयपरीक्षेचा मात्र टिकला नाही. पुढच्याच वर्षी या विश्लेषणाच्या सांख्यिकीवर त्याच नियतकालिकात टीका आली, आणि तिच्यातला एक मुद्दा हाच अरुंद पट्ट्याचा होता.

उत्तरध्रुव

दोघंही एकाच पद्धतीबद्दल भांडताय. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे पीएचडी ही बऱ्याचदा जाहिरात देऊन भरलेली नोकरी असते. समिती असली तरी शब्द चालतो तो गाइडचा, आणि त्याला कोर्स करणारा विद्यार्थी नको असतो. प्रकल्प तीन-चार वर्षांत संपवायचा असतो, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून हात चालणारा माणूस हवा असतो. जाहिरातीत ‘सिंगल-सेल आरएनए डेटाचं विश्लेषण’ लिहिलेलं असेल, तर ९.१ वाल्याआधी ७.४ वाला बोलावला जातो, जर त्याने मास्टर्सच्या प्रबंधात तेच केलं असेल तर.

पण मार्क इथे दुसऱ्या दाराने येतात. गाइडने पसंत केलं तरी पात्रता तपासतं ते विद्यापीठाचं कार्यालय. स्वीडनमध्ये सर्वसाधारण पात्रतेचा एक मार्ग म्हणजे एकूण किमान २४० क्रेडिट, त्यातली निदान ६० वरच्या स्तराची. जर्मनीत परदेशी गुण बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, हे लक्षात ठेवून वाचा.

लोक गफलत करतात ती किमान उत्तीर्ण गुणात. १० पैकी ७.२ असतील आणि पास होण्याची रेषा ४ असेल, तर उत्तर २.४. तीच रेषा ५ धरली तर २.६८. अट २.५ ची असेल तर पहिल्या हिशोबात तुम्ही आत, दुसऱ्यात बाहेर. त्यामुळे आपल्या विद्यापीठाच्या नियमातली उत्तीर्णतेची रेषा छापील स्वरूपात अर्जाला जोडायची, समोरच्याला अंदाज करू द्यायचा नाही.

चंद्रकोर

‘मार्क नकोत, अनुभव बघा’ ही भूमिका पुरोगामी वाटते खरी, पण कोणाच्या सोयीची आहे? उन्हाळ्यातलं बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याच्या घरून खर्च निघतो आणि ज्याच्या कॉलेजात चालती लॅब आहे तो. ज्या कॉलेजात एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे आणि तोही कपाटात बंद, तिथल्या मुलीकडे दाखवायला गुणपत्रिकेखेरीज असतं काय? शिफारसपत्रांचंही तेच. ओळखीच्या प्राध्यापकाच्या पत्राला वजन असतं, अनोळखी कॉलेजातल्या शिक्षकाचं पत्र कितीही प्रामाणिक असो, वाचणाऱ्याला त्याचा मापदंड माहीत नसतो.

पिपेट

@चंद्रकोर, मुद्दा मान्य, पण त्यातून मार्क न्याय्य ठरत नाहीत. त्या अनोळखी कॉलेजच्या ९.२ लाही वाचणारा ‘तिथे सगळ्यांनाच देत असतील’ म्हणून बाजूला सारतो. अविश्वास दोन्हीकडे आहे. उपाय असलाच तर वर्गातला क्रमांक. ‘७.९’ पेक्षा ‘६० जणांत चौथी’ हे जगात कुठेही कळतं. क्रमांक गुणपत्रिकेवर नसेल तर विभागप्रमुखांकडून पत्रात घालून घ्यावा.

शून्यवादी

थोडक्यात मार्क हवेत, छापलेले पेपर हवेत, ओळखही हवी. चालू द्या. 🍿

आणि कोणी रामानुजनचं नाव काढायच्या आत सांगतो: १९१३ साली केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्याचं पत्र गांभीर्याने घेतलं ते आतल्या सूत्रांमुळे. तशी सूत्रं हाताशी असतील तर हा धागा तुमच्यासाठी नाही.

काठावर

प्रश्न सरळ आहे. चार वर्षांची पदवी, एकूण ६.९. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते, नंतर सुटले. शेवटच्या चार सत्रांची सरासरी ८.१. एक नऊ महिन्यांचा प्रकल्प, छापलेला पेपर नाही. अमेरिकेतल्या मटेरियल्स केमिस्ट्रीसाठी अर्ज करण्यात अर्थ आहे का?

प्रयोगवही

@काठावर, आहे. पण अर्ज भरताना चुका कुठे होतात ते आधी बघा.

पहिली चूक आकडा स्वतः बदलण्याची. ६.९ ला ४ ने गुणून १० ने भागलं की २.७६ येतात. हा आकडा ३.० च्या रकान्यात गेला की तुम्ही स्वतःच्या हाताने चाळणीखाली पडलात. अर्जात ‘१० पैकी’ असा पर्याय असेल तर तोच निवडा आणि मूळ आकडा जसाच्या तसा लिहा. रूपांतर हवंच असेल तर विद्यापीठ कोणत्या संस्थेचं मूल्यमापन मानतं ते वाचून तिच्याकडूनच करून घ्या. अशी मूल्यमापनं बहुधा प्रत्येक विषयाची श्रेणी वेगवेगळी बदलून मग सरासरी काढतात, त्यामुळे उत्तर सरळ गुणाकारापेक्षा बरंच वेगळं येऊ शकतं.

दुसरी चूक स्पष्टीकरणाची. हेतुपत्राच्या (अर्जासोबतच्या ‘मला हे का करायचंय’ या निबंधाच्या) पहिल्या परिच्छेदात नापास विषयांची करुण कहाणी घातली की वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. अतिरिक्त माहितीचा रकाना असतो, तिथे तीन वाक्यं पुरेत: पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, कारण अमुक (सांगण्यासारखं असेल तरच), ते पुढच्या वर्षी उत्तीर्ण केले, शेवटच्या चार सत्रांची सरासरी ८.१. शिक्षकांवर, पेपर तपासणाऱ्यांवर खापर फोडू नका. ते खरं असलं तरी वाचताना तक्रारखोर वाटतं. हेच स्पष्टीकरण पत्र लिहिणाऱ्याने दिलं तर दुप्पट उपयोगी.

आता पत्रं. तुमचा अर्ज तरणार असेल तर इथेच. तीनपैकी निदान दोन पत्रं तुमचं काम पाहिलेल्यांची हवीत. ‘माझ्या वर्गात नियमित हजर असे, अ श्रेणी मिळाली’ हे पत्र म्हणजे गुणपत्रिकेचीच झेरॉक्स, आणि तुमच्या बाबतीत गुणपत्रिका हीच दुखरी जागा आहे. पत्रात हवं ते असं काही: सॉल्व्होथर्मल संश्लेषणात (बंद भांड्यात द्रावण तापवून कण बनवताना) दर खेपेला कणांचा आकार बदलत होता, विद्यार्थ्याने ऑटोक्लेव्ह, म्हणजे ते भांडं, किती भरला जातो याची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि दोष तिथे सापडला. यासाठी पत्र लिहिणाऱ्याला चार-सहा आठवडे आधी सीव्ही, हेतुपत्राचा मसुदा, अंतिम तारखांची यादी, आणि त्याच्याकडे केलेल्या कामातल्या तीन-चार ठळक गोष्टींचं टिपण द्या. संकोच करू नका. वर्षभरापूर्वीचे तपशील कोणाच्याही लक्षात राहत नाहीत, आणि टिपण नसलं की पत्र गुळमुळीत होतं.

पेपर नाही याची फार चिंता नको. नऊ महिन्यांच्या एका प्रकल्पाबद्दल मुलाखतीत ‘हाच कंट्रोल (तुलनेचा नमुना) का घेतला’, ‘निकाल उलटा आला असता तर काय केलं असतं’ याला धड उत्तर देणारा, सहा-सहा आठवड्यांच्या पाच इंटर्नशिप लावणाऱ्यापेक्षा उजवा ठरतो.

अपूर्णांक

सल्ला उत्तम, फक्त एक जोड. ८.१ मध्ये फिजिकल केमिस्ट्री आणि क्वांटम कसे आहेत ते लिहिलेलं नाही. तेच कच्चे असतील तर मी म्हणेन एक वर्ष थांबा, त्या स्तराचा एखादा वरचा कोर्स रीतसर परीक्षेसह करा किंवा मास्टर्स करा. ऑनलाइन प्रमाणपत्रांनी जुना डाग पुसला जात नाही, कारण तिथे कोणाशी तुलना झाली हे वाचणाऱ्याला समजत नाही.

पिपेट

आणि मी म्हणेन ते वर्ष लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून घालवा. एका कोर्सची ‘अ’ श्रेणी ६.९ चं ७.० करेल. दीड वर्ष काम पाहिलेल्या माणसाचं पत्र पूर्ण अर्जाचा सूर बदलेल.

काठावर

क्वांटम ६, फिजिकल केमिस्ट्री ८. काही विद्यापीठांच्या पानावर ३.० सरळ ‘किमान’ आहे. तिथे अर्जाची फी भरायची का?

प्रयोगवही

वाक्य नीट वाचा. ‘असणं अपेक्षित’, ‘साधारणतः’ असे शब्द असतील तर विभागाला शिफारस करून सूट मागता येते. ‘असणं बंधनकारक, अपवाद नाही’ असेल तर फी वाचवा. संदिग्ध असेल तर प्राध्यापकाला न विचारता विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल करा: एकूण किती, शेवटच्या चार सत्रांचे किती, सूट मिळण्याची सोय आहे का. हे काम अंतिम तारखेच्या दोन महिने आधी, कारण शेवटच्या पंधरवड्यात त्या मेलला उत्तर येत नाही.

क्वांटमच्या ६ बद्दल: थिअरीच्या गटांना अर्ज करू नका. संश्लेषणाच्या गटांना तो ६ खुपणार नाही.