मदत हवी आहे: खचलेलं मन पुन्हा उभं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. आधी नोकरी गेली आणि दोनच महिन्यांत आईला पक्षाघात झाला. तिचं सगळं मीच करते. दिवस कसाबसा निघतो, पण पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. परवा तिच्या गोळ्यांची डबी हातातून सांडली. खाली बसून एकेक गोळी वेचताना रडू आवरेना, आणि आतून ती विचारत होती, "काय पडलं गं?"

"खंबीर राहा" असं सगळेच सांगतात. कसं, ते कुणी सांगत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सगळ्यात जड असेल ते लिहायचं. लिहिल्यावर लगेच मन आणखी उदास होतं, पण पुढच्या काही महिन्यांत प्रयोगात असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मी दोन दिवस लिहिलं. दुसऱ्या रात्री इतकं भरून आलं की वही मिटून ठेवली.

कुणी असं लिहून पाहिलंय का? पुढे चालू ठेवू, की आधी समुपदेशकाकडे जाऊ? आणि भावाकडे मदत मागायला जीभ रेटत नाही, सुरुवात कशी करू?