मदत हवी आहे: भुवई बदक (गार्गनी) आणि चक्रांग (कॉमन टील) या बदकांच्या माद्या लांबून कशा ओळखायच्या? (नांदूर मधमेश्वर, फेब्रुवारी अखेर)

नमस्कार मंडळी,

मी कोपरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात न्यायचं ठरवलं आहे. यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेतात तिथल्याच बंधाऱ्याच्या कालव्याचं पाणी येतं, पण बंधाऱ्याच्या मागे काय आहे ते एकानेही पाहिलेलं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे १९११च्या सुमाराला बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, त्यातून बेटं आणि दलदल तयार झाली आणि पक्षी यायला लागले. १९८६मध्ये अभयारण्य, २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). हे मुलांना वर्गात सांगून झालंय. आता प्रत्यक्ष दाखवायचं आहे.

सगळे म्हणतात, जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, मार्चमध्ये काय उरतं? संख्या कमी होते हे मान्य. तरी शिकवायला मला हाच काळ बरा वाटतो. थंडीच्या सुरुवातीला बदकांचे नर बरेचसे माद्यांसारखे मळकट दिसतात, तेव्हा मुलांना काय ओळखून दाखवणार? आता तलवार बदकाची शेपटी पूर्ण वाढलेली असते, थापट्या बदकाचं हिरवं डोकं उन्हात चमकतं आणि भुवई बदकाचा नर, ज्याचा पिसारा बाकीच्यांच्या मानाने उशिरा पूर्ण होतो, तोही पांढरी भुवई घेऊन तयार असतो. शिवाय गाळ उघडा पडला तर शेकाटे, तुतारी आणि विटकरी रंगावर येऊ लागलेले काळ्या शेपटीचे पाणटिवळे असे चिखलातले पक्षी दिसण्याची शक्यता असतेच.

अडचण माद्यांची आहे. परवा चापडगावच्या बाजूने पाहिलं तेव्हा भुवई बदकं आणि चक्रांग एकाच थव्यात मिसळून होते. नर सहज कळले. माद्या मात्र पाणवनस्पतींच्या कडेला दाटीने बसलेल्या, सगळ्या तपकिरी, सगळ्या ठिपक्यांच्या. पुस्तकातल्या खुणा मला माहीत आहेत: भुवई बदकाच्या मादीचा चेहरा जास्त पट्टेदार, डोळ्यातून जाणारी काळी रेघ ठळक, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, गळा पांढुरका. चक्रांगाची मादी चेहऱ्याने साधी, चोच थोडी लहान आणि शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ. जवळून हे ठीक आहे. पण माझ्याकडे ८×४२ची दुर्बीण आहे, स्पॉटिंग स्कोप (लांबचं पाहायची तिपाईवरची दुर्बीण) नाही, आणि नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की चेहऱ्यावरच्या रेघा पुसल्याच जातात.

म्हणून जाणकारांना विचारते. इतक्या अंतरावरून तुम्ही सगळ्यात आधी कुठली खूण बघता? शेपटीजवळची ती फिकट रेघ उन्हात नेहमी दिसते का, की पंख कसे मिटलेत त्यावर अवलंबून असते? दलदल ससाण्याने (शिकारी पक्ष्याने) घिरटी घातली की सगळा थवा एकदम उठतो, तेव्हा पंखावरचा पट्टा दिसतो. चक्रांगात हिरव्या पट्ट्याच्या पुढची पांढरी कड रुंद असते आणि भुवई बदकात मागची कड ठसठशीत, असं वाचलंय. पण त्या दोन-चार सेकंदांत हे टिपायचं कसं, याचा सराव कोणी कसा केला ते सांगाल का?

दुसरी शंका जोडीवरून. बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामातच जमायला लागतात. मग मार्चमध्ये भुवई बदकाच्या नराला सतत चिकटून पोहणारी मादी त्याच जातीची धरावी का? मुलांना अशी खूण शिकवायला फार आवडेल, पण अशा मिश्र थव्यात ती फसवी ठरणार असेल तर शिकवणार नाही. ई-बर्डवर (पक्षी नोंदवायच्या संकेतस्थळावर) मी या माद्या सध्या 'अनोळखी बदक' म्हणून नोंदवल्या आहेत, आणि खात्री होईपर्यंत तशाच ठेवणार.

आवाजाचा उपयोग होतो का? भुवई बदकाचा नर फणीच्या दातांवरून नख ओढल्यासारखा कोरडा कर्रर्र आवाज काढतो आणि चक्रांगाचा नर बारीक शीळ घालतो, हे दोन्ही मुलांच्या कानात बसेल. तिथे सकाळी वारकरी (काळे पाणपक्षी, कूट) आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचा इतका गलका असतो की ते ऐकू येईल की नाही, याची शंका वाटते.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुटलं की पाण्याची पातळी बदलते आणि गाळाच्या पट्ट्या एकतर बुडतात किंवा उघड्या पडतात. सहलीचा दिवस ठरवण्याआधी हे कुणाकडून कळतं? आणि सकाळी सात ते नऊ सूर्य पाठीशी राहील असा पक्षीनिरीक्षणाचा मनोरा कुठला? तीसेक मुलं आहेत, त्यामुळे एका मनोऱ्यावर सगळी चढवणार नाही, गट करीन. थव्यापासून किती लांब थांबलं म्हणजे पक्षी उठत नाहीत, हेही तुमच्या अनुभवातून सांगा. परतीच्या प्रवासाआधी त्यांचं खाणं आमच्यामुळे मोडायला नको.

परवानगीचा अर्ज या शनिवारच्या आत द्यायचा आहे, तेव्हा आवर्तन आणि मनोरा या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली तर फार मदत होईल. माद्यांबद्दल सावकाश लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.