बाबांसाठी सेकंड हँड आरामदायी सेदान: स्वतः सांभाळली असेल तर अनुभव सांगा

नमस्कार. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. आजी रत्नागिरीला असते, त्यामुळे पुणे-रत्नागिरी महिन्यातून एकदा होतंच. आमच्या हॅचबॅकमधून आंबा घाट उतरताना बाबांचा चेहरा बघवत नाही. उंच गाडीत त्यांना चढता येत नाही, म्हणून सेदान. कागदपत्रं, विमा आणि पहिली दुरुस्ती धरून 18 लाखांच्या वर जायचं नाही. सध्या दोन गाड्यांवर नजर आहे: 2014-15 ची मर्सिडीज ई-क्लास डिझेल आणि 2015-16 ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली.

ज्यांनी अशी गाडी निदान दोन वर्षं स्वतःच्या पैशांनी सांभाळली आहे, त्यांनी कृपया लिहा. सुरुवातीला गाव, किती काळ आणि किती किलोमीटर एवढं टाका. चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचाच उपयोग जास्त होईल.

ठाणे. 5 वर्षं, 62,000 किमी.
माझ्याकडे 2015 ची कॅमरी हायब्रिड आहे. घेतली तेव्हा 48,000 चालली होती. सगळ्यांनी घाबरवलं की बॅटरी गेली की संपलं. मी त्या वेळी दोन गोष्टी केल्या. टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विक्रेत्याला घेऊन गेलो आणि हायब्रिड बॅटरीची तपासणी करून घेतली. या गाडीची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, 34 मॉड्यूलची, म्हणजे 34 छोटे संच जोडून केलेली असते. एखादं मॉड्यूल बाकीच्यांपेक्षा मागे पडलं असेल तर स्कॅनरवर दिसतं. दुसरं म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बघितली. तो पंखा केबिनमधली हवा ओढतो. धूळ, कुत्र्याचे केस, चॉकलेटचे कागद असं काहीही तिथे अडकतं आणि बॅटरी तापत राहते. माझ्या गाडीत बोटभर लव निघाली. साफसफाई करून घेतली, आता दर सर्व्हिसला आठवणीने सांगतो.

ही गाडी टिकते याचं कारण मला पटायला वेळ लागला. नेहमीच्या गाडीत बिघडणाऱ्या कित्येक वस्तू हिच्यात नाहीतच. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, पहिला-दुसरा असे गिअर बदलणारा गिअरबॉक्स नाही. ब्रेक दाबला की आधी मोटर वेग शोषून घेते, त्यामुळे पॅडही सावकाश झिजतात. पाच वर्षांत मी टायर, साधी 12 व्होल्टची बॅटरी, सस्पेन्शनचे बुश आणि एकदा पुढचे शॉकअप बदलले. बस्स. तक्रार एकच, मोठ्या स्पीडब्रेकरवर पुढचा बंपर सांभाळावा लागतो.

नाशिक. 4 वर्षं, 38,000 किमी.
मी डॉक्टर आहे, हॉस्पिटल ते घर आणि आठवड्याला एकदा मुंबई. जर्मन गाडी घेतली होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बराचसा माझ्या निवडीचा होता. एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी गाडी घेतली आणि ती सकाळी कशी उभी असते हे एकदाही बघितलं नाही. विक्रेत्याकडे जायचो तेव्हा इंजिन चालूच असायचं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी बाजू बसलेली दिसली. पुढचे दोन्ही एअर स्ट्रट मिळून 2 लाख 40 हजार, आणि गळती भरून काढताना कॉम्प्रेसर जळाला तो वेगळा.

तरीही एक सांगतो. ती गाडी नीट झाल्यावर कसारा घाटात जी शांतता मिळायची, ती मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळाली नाही. ताई, ई-क्लास मनात असेल तर जरूर बघा, फक्त लोखंडी स्प्रिंगची बघा. आणि रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड असताना स्वतः सुरू करा. इंजिनातल्या चेनचा खडखडाट, धूर, सस्पेन्शनची बैठक, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

पिंपरी. स्वतःचं गॅरेज, 19 वर्षं.
गाडी बघायला लोक मला बरोबर नेतात, म्हणून लिहितो. मीटरवर विश्वास नको. स्टिअरिंगचं कातडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड ही खरं बोलतात. 45,000 चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. चासी नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री काढा, प्रत्येक भेटीचं रनिंग तिथे नोंदलेलं असतं. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीला तिसरा सेट टायर कसा, हे विचारायचं.

पेंट मोजायचं यंत्र न्या. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. दारावर 300 आला तर ते पुन्हा रंगवलेलं आहे, खाली पुट्टीही असू शकते. एखादं दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही, पुण्यात कोणाची गाडी घासत नाही? पण छत आणि छताला धरणारे दारांमधले खांब रंगवलेले असतील तर मी गिऱ्हाइकाला सरळ घरी पाठवतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही, असं बरेच जण सांगतात. खुद्द झेडएफ, म्हणजे बऱ्याच गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलायला सांगते. तेल बदलल्याचं बिल आहे का, एवढ्या एका प्रश्नावरून मला मालक कळतो. ज्याने ते बदललं त्याने बाकीचंही केलेलं असतं.

आणखी एक, खास तुमच्या बाबांसाठी. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही चालावेत म्हणून त्यांच्या बाजू कडक ठेवलेल्या असतात. खड्ड्यातला दणका थेट पाठीत येतो. गाडी कितीही भारी असो, मणक्याच्या माणसाला ते टायर नकोत.

कोल्हापूर. 3 वर्षं, 29,000 किमी.
2019 च्या महापुरानंतर आमच्याकडं गाड्या फार स्वस्त झाल्या होत्या. माझ्या मेव्हण्याने त्यातलीच एक घेतली. दिसायला आरसा होती. आठ महिन्यांनी पहिल्यांदा डॅशबोर्डवर दिवे लागले, मग सीट हलायची बंद, मग खिडक्या. कार्पेटखाली वायरिंगचे जोड हिरवे पडले होते. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स चालवणारे कंट्रोल मॉड्यूल सीटखाली, डिकीत, कुठंही असतात. पाणी गुडघाभर चढलं तरी पुरे.

मी माझी घेताना म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. पाणी लागलेल्या गाडीचा पट्टा खालच्या टोकाला मळकट असतो, तिथं कोणी धुवत नाही. सीटचे बोल्ट गंजलेत का आणि स्टेपनीच्या खोबणीत गाळ आहे का, तेही बघा.

मुंबई, अंधेरी. अडीच वर्षं, 21,000 किमी.
कागदांबद्दल लिहिते. दिल्ली पासिंगची गाडी 3 लाखांनी स्वस्त मिळाली म्हणून घेतली. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. माझं सगळं व्हायला पाच महिने लागले आणि वाचलेल्या तीन लाखांतले दोन गेले. आधी हिशेब करून घेतली असती तर इतकी दमले नसते. एमएच पासिंगची मिळत असेल तर तीच घ्या.

लोन असलेल्या गाडीचा फॉर्म 35, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म, आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलान बघून घ्या. विमा 14 दिवसांत नावावर करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच. इंजिन प्रोटेक्शन मिळतं का ते मुंबईच्या पावसात तरी नक्की विचारा. आणि 2015 ची गाडी 2030 मध्ये पंधरा वर्षांची होईल, पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर सगळं येईल. तुमच्या वापराची वर्षं त्यावरून धरा.

न्यू जर्सी. 7 वर्षं, 70,000 मैल.
इथे लेक्सस ईएस 350 वापरतो, घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आमची तपासणी वेगळी, रस्त्यावरच्या मिठाने गाडी खालून गंजते, म्हणून लिफ्टवर चढवल्याशिवाय मी घेत नाही. तुमच्या कामाचं एवढंच: भारतात 2017 पासून आलेली ईएस 300h आणि कॅमरी हायब्रिड यांचा पाया जवळचा आहे. बजेट वाढलं तर तीही बघा.

छत्रपती संभाजीनगर. 6 वर्षं, 90,000 किमी.
माझा अनुभव वरच्यांपेक्षा वेगळा आहे. डिझेल जर्मन सेदान, पहिला मालक, सगळी बिलं फाइलला लावलेली. सहा वर्षांत रस्त्यात एकदाही थांबली नाही. पण मी दर वर्षी दीड लाख बाजूला ठेवले. दोन वर्षं ते लागले नाहीत, तिसऱ्या वर्षी सगळे लागले. इतके पैसे बाजूला ठेवणं जमणार नसेल तर कॅमरीच घ्या.

धागा काढणारी, पुणे. दोन महिन्यांनी.
सगळ्यांचे मनापासून आभार. एकूण सात गाड्या बघितल्या. पहिली ई-क्लास मनात भरली होती, पण डाव्या खांबावर पेंटच्या यंत्राने 410 मायक्रॉन दाखवलं. दुसरीच्या सर्व्हिस हिस्ट्रीत चार वर्षांपूर्वीच 91,000 ची नोंद होती आणि मीटरवर 64,000.

ट्रायल घेताना मी गाडी चालवली आणि बाबांना मागे बसवलं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. चांदणी चौक ते पिरंगुट, परत. एका गाडीची सीट इतकी खाली होती की उतरताना त्यांना हात द्यावा लागला, ती तिथेच बाद केली. शेवटी 2016 ची कॅमरी घेतली. एमएच-12, एकच मालक, 57,000. बॅटरीची तपासणी केली, पंख्याची जाळी साफ केली, चारही टायर नवे घातले. सगळं धरून 15 लाख 70 हजार. उरलेल्या पैशांचं वेगळं खातं काढलंय.

परवा रत्नागिरीला निघालो. घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो. मी दार उघडायला वळसा घालून जाईपर्यंत बाबा स्वतःच उतरून टपरीपाशी पोचले होते.