म्हणे 'उस्तेद'वर वेळ घालवू नका!

खडूस_कोल्हापुरी: परवा इथे एकाने सल्ला दिलाय, "स्पॅनिश शिकताना उस्तेद, म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', सोडा, पुस्तकी आहे. सगळ्यांना 'तू' म्हणा, कुणाला काही वाटत नाही." माद्रिदच्या बारमध्ये खपेल. कोलंबियातल्या बोगोतात म्हणून बघा! तिथे नोकरीला होतो. ऑफिसात दोघे सख्खे भाऊ होते, कडाकडा भांडायचे तेही उस्तेदमध्ये. शिवी हासडली तरी क्रियापद आदरार्थीच. कोस्टा रिकात तर लोक कुत्र्यालाही उस्तेद म्हणतात. हे पुस्तकी?

सल्लागार: तो मीच. कुत्र्यालाही उस्तेद, मग आदर उरला कुठे? स्पेनचा राजा हुआन कार्लोसने 2007 साली चिलीतल्या सांतियागोच्या परिषदेत व्हेनेझुएलाचा अध्यक्ष चावेसला 'तू'मध्येच गप्प बसवलं.

खडूस_कोल्हापुरी: त्यावरून केवढा गदारोळ झाला! 'कुणाला काही वाटत नाही' याला हाच दाखला सापडला? धन्य आहात. आणि वेळ कसला वाचवताय? उस्तेदला तृतीय पुरुषाचंच रूप लागतं, ते एरवीही पाठ करावं लागतंच.

कॉलसेंटरपीडित: दोघे जरा थांबा. खरा छळ बोसोत्रोसचा, म्हणजे स्पेनमधल्या अनेकवचनी 'तुम्ही'चा. पुण्यातल्या एका क्लासने त्याची 'आब्लाइस, कोमेइस, बिबीस' ही रूपं घोकून घेतली, आणि काम लागलं मेक्सिकोच्या प्रोसेसवर. पहिल्याच कॉलला समोरच्या टीमला 'केरेइस' (तुम्हाला हवंय) म्हणालो. पलीकडच्या बाईला ते चर्चमधलं वाटलं, हसून म्हणाली, "प्रवचन आहे का आज?" अख्ख्या लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी उस्तेदेस (उस्तेदचं अनेकवचन) चालतं, हे फी घेताना कुणी सांगितलं नाही.

मराठी_मास्तरीण: मी शिकवते, म्हणून बोलते. पाठ्यपुस्तकं स्पेनची येतात. बोसोत्रोस गाळलं तर पालकच विचारतात, "पोर्शन अर्धाच का?"

मातेप्रेमी: आणि अर्जेंटिनाचं बोस, म्हणजे तिथला 'तू'? त्याची 'तेनेस', 'सोस' ही रूपं तिथल्या भाषा अकादमीने 1982 सालीच मान्य केलीत. तुमच्या क्लासला अजून पत्ता नाही.

मराठी_मास्तरीण: सहा सर्वनामांवरच अर्धा वर्ग गळतो. सातवं तुम्ही येऊन शिकवा.

मातेप्रेमी: येतो. मानधन किती?

सल्लागार: मूळ विषय उस्तेदचा होता. बरं, बोगोतापुरतं मान्य.

खडूस_कोल्हापुरी: बोगोतापुरतं! कोलंबियावर उपकार झाले. परवाचा सल्ला तेवढा दुरुस्त करा, लोक सेव्ह करून ठेवतायत.

कॉलसेंटरपीडित: माझ्या फीचं कुणीच बोलत नाहीये.