भाटकार-मुंडकार, मालक-मोलकरीण... दरी ओलांडणाऱ्या जुन्या काळातल्या प्रेमकादंबऱ्या सुचवा

कुळागर (डिचोली)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, विषय घरचा आहे म्हणून थोडं लांबेल.

माझी आजी ८६ वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर लागत नाही, म्हणून रोज दिवेलागणीनंतर मी तिला वाचून दाखवते. मराठी असलं तर सरळ, इंग्रजी असलं तर वाचता वाचता मराठीत सांगत जाते, मध्ये मध्ये कोकणी येतंच. आजी मुंडकाराची (म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) मुलगी आणि आजोबा त्याच भाटकाराच्या घरातले धाकटे. लग्न १९५८चं, म्हणजे गोवा मुक्तीच्या तीन वर्षं आधी. गोव्यात लग्न नोंदवताना दोन सह्या होतात, पहिली सही झाली आणि दुसरी सही व्हायची होती त्या मधल्या दिवसांत आजोबांचे थोरले भाऊ हरकत घेतो म्हणून धमकावत होते, ते दिवस आजीला अजून तारखेसकट आठवतात. लग्न झालं पण त्या मोठ्या घराच्या पुढच्या दाराने ती आत गेली ती सासूच्या बाराव्याला, तोपर्यंत मागच्या पडवीतूनच. आजोबा होते तोवर यातलं अक्षर बोलली नाही, आता बोलते.

तर तिला प्रेमकथा हव्यात, जुन्या काळातल्याच हव्यात, आणि अट एकच. मी आतापर्यंत चार हिस्टॉरिकल रोमान्स वाचून दाखवले, त्यातल्या दोनांत मोलकरीण शेवटी कुठल्यातरी उमरावाची हरवलेली मुलगी निघाली. आजी म्हणाली, "म्हणजे ती त्यांच्यातलीच गो, मग ओलांडलं कोणी?" तेव्हापासून मला पण तेच खटकायला लागलंय. गुपित निघून सगळं गोड होणारी नकोत. दोघं खरंच वेगवेगळ्या पायरीवरची असावीत आणि शेवटपर्यंत तशीच राहावीत. मराठी, इंग्रजी दोन्ही चालेल. शेवट अगदी रडका नसला तर बरं.

सांजवात (मडगाव)

बाय, तुझी पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले. आजींना आधी एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' वाचून दाखव, बाकी सगळं नंतर.

ही १८५४-५५ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती. मार्गारेट हेल ही दक्षिणेतल्या पाद्र्याची मुलगी, वडिलांना धर्मशंका येते म्हणून ते नोकरी सोडतात आणि घरदार उचलून मिल्टन नावाच्या गिरणीच्या गावात येतात (हे मिल्टन म्हणजे मँचेस्टरच, नाव फक्त बदललंय). तिथे जॉन थॉर्न्टन हा गिरणीमालक. आता गंमत बघ, दोघांनाही आपण वरचे वाटतो. तिच्याकडे घराणं, शिक्षण, वळण आहे पण पैसा नाही, त्याच्याकडे पैसा आहे पण लहानपणी दुकानात राबलेला, आणि मोठा झाल्यावर मार्गारेटच्या वडिलांकडे ग्रीक वगैरे शिकायला येतो. म्हणजे पायऱ्या एकच नसतात, जातीची वेगळी, पैशाची वेगळी, शिक्षणाची वेगळी, हे आपल्याला गोव्यात कोणी समजावून सांगायला नको. आणि या दोघांच्या खाली गिरणीत राबणारे आहेत, त्यांना गॅस्केल विसरत नाही. बेसी म्हणून एकोणीस वर्षांची मुलगी आहे, कापसाचे तंतू फुप्फुसात जाऊन जाऊन मरते, मार्गारेटची तिच्याशी मैत्री होते. संप होतो, जमाव मालकाच्या दारात येतो, मार्गारेट थॉर्न्टनच्या पुढे उभी राहते आणि दगड तिला लागतो.

शेवट सांगत नाही, एवढंच सांगते की प्रेमाची कबुली बँकेच्या व्याजदराच्या बोलण्यातून येते आणि तरी डोळ्यात पाणी येतं. बावन्न प्रकरणं आहेत, रोज एक धरलं तर दोन महिने जातील. बीबीसीची २००४ची चार भागांची मालिकाही चांगली आहे पण आजींना आधी पुस्तकच.

मांडवीकाठ

'जेन आयर' घ्या. १८४७. गव्हर्नेस आणि घराचा मालक. याच्यापुढे काही नाही.

कुळागर (डिचोली)

@मांडवीकाठ, तीच पहिली वाचली आम्ही. जेनने रॉचेस्टरला तोंडावर ऐकवलं की मी गरीब, साधी, लहान चणीची आहे म्हणून मला काळीज नाही असं समजू नका, तिथे आजीने मला थांबवून ते परत वाचायला लावलं. पण पुढे जेनला काकांचे वीस हजार पौंड मिळतात ना, तिथे ती जरा हिरमुसली. जेन ते चौघांत वाटून घेते हे तिला आवडलं, तरी म्हणालीच की हातात पैसे आल्यावर परत जाणं सोपं, आम्ही रिकाम्या हाताने गेलो होतो.

@सांजवात ताई, आजपासूनच सुरू करते.

फोंड्याचा_वाचक

इंग्रजीच का म्हणून, आपल्याकडे काय कमी आहे. श्री. ना. पेंडसेंची 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचून दाखवा. गावाने ओवाळून टाकलेला बापू आणि त्याची राधा, लपूनछपून काही नाही, सगळं गावाच्या नाकावर टिच्चून. भाषा कोकणातली त्यामुळे आजींना घरचीच वाटेल, माड-पोफळी, खोत, देऊळ, गावकीची तोंडं सगळं ओळखीचं.

दुसरी ना. सं. इनामदारांची 'राऊ', बाजीराव-मस्तानीवरची. पेशव्यासारखा माणूस, ज्याच्या शब्दावर फौजा हलतात, त्याला स्वतःच्या घरात तिला मान मिळवून देता येत नाही, हे दुखणं इनामदारांनी धरलंय. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले, त्यांचा आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना जखमी झाला आणि त्यातच गेला. ज्या घराने आईला आपलं म्हटलं नाही त्याच घरासाठी मुलाने जीव दिला. शेवट रडका नको म्हणालात म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आबोलीचा_वळेसर (पेडणे)

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नका. गोव्यात वर्गाच्या पलीकडचं प्रेम म्हटलं की भाटकार-मुंडकार एक आणि देवळाशी बांधलेल्या बायका हे दुसरं. आमच्या घरात ते होतं म्हणून बोलते. भावीण, कलावंत म्हणून जन्मलेल्या बाईवर मोठ्या घरातला पुरुष प्रेम करायचा, पुष्कळदा खरंच करायचा, आयुष्यभर, पण लग्न नाही, नाव नाही, मुलांना बापाचं घर नाही. त्याला प्रेमकथा म्हणायचं का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलाय आणि माझं उत्तर वयाप्रमाणे बदलत गेलं.

बा. भ. बोरकरांची 'भावीण' (१९५०) आजींना जरूर वाचून दाखव. बोरकर आपल्याला कवी म्हणून माहीत पण ही कादंबरीसुद्धा मनापासून लिहिलीय. आणि जयवंत दळवींची 'महानंदा', देवळाच्या भाविणीची मुलगी आणि शिकलेला प्राध्यापक, 'गुंतता हृदय हे' नाटक तिच्यावरूनच आलं. दळवी आरवलीचे, म्हणजे आमच्या पेडण्यापासून हाकेच्या अंतरावर, ती माणसं त्यांनी जवळून बघितलेली. ही मात्र काळीज पिळवटते, एकटीने वाचून मग ठरव आजींना सांगायची का.

सांजवात (मडगाव)

@आबोलीचा_वळेसर, राग कसला मानायचा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. 'भावीण' मी कॉलेजात असताना वाचलेली, आता परत काढते.

नोंदणी_खाते

मी पुस्तकं फार वाचत नाही पण जुने कागद रोज वाचतो, तेवढ्यावरून एक सांगावंसं वाटतं कारण 'नॉर्थ अँड साउथ' बायकोने मला ऐकवली होती. १८५५ साली इंग्लंडात बाईने लग्न केलं की तिचा रोकड पैसा कायद्याने नवऱ्याचा, आधी वेगळा करार करून ठेवला असेल तरच वाचायचा. तो कायदा बदलला १८७० मध्ये थोडा आणि १८८२ मध्ये नीट. म्हणजे शेवटी हाती पैसा आल्यावर मार्गारेट जो व्यवहार बोलते तो लग्नाच्या आधी बोलते याला किंमत आहे, तेव्हा ती स्वतःच्या पैशाची मालकीण असते आणि बरोबरीने बोलू शकते.

आपल्याकडे उलटं. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७चा, गोव्यात १८७० पासून लागू, त्यात लग्नाआधी वेगळा दस्त केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र आणि बायको अर्ध्याची धनीण. आता आजींच्या दीरांनी दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत एवढी आदळआपट का केली ते बघा. मुंडकाराची मुलगी सून म्हणून आली की नुसती नाक कापलं जायची भीती नव्हती, धाकट्याच्या वाट्यातला अर्धा भाग तिच्या नावाचा होणार होता. ज्या भाटात तिच्या बापाला झोपडीपुरती जागा, त्याच भाटात. मुंडकारांना राहत्या घराचं संरक्षण देणारा कायदा तर १९७५चा, म्हणजे त्यांच्या लग्नानंतर सतरा वर्षांनी. या विषयावर कोणी कादंबरी लिहिली पाहिजे, आमच्या दप्तरांत कथानकं पडून आहेत.

कुळागर (डिचोली)

@नोंदणी_खाते दादा, हे वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला तेव्हा कुठे ठाऊक होतं, पण त्यांना ठाऊक होतं."

रातराणी_म्हापसा

सगळे क्लासिक्स सांगतायत, मी शुद्ध रोमान्सवाली आहे, बारावीपासून वाचते, तर थोडं माझ्याकडून.

'पॅमेला' कोणी सुचवली तर घेऊ नका. १७४०ची, म्हणजे वर राऊचं साल आलंय तेच, मोलकरीण आणि मालकाची सगळ्यात गाजलेली जुनी गोष्ट, नंतरचे कितीतरी मालक-मोलकरीण रोमान्स त्याच वाटेने गेले. पण त्यात मालक पंधरा वर्षांच्या मुलीच्या मागे लागतो, तिला पळवून कोंडून ठेवतो आणि शेवटी लग्न हे तिला बक्षीस म्हणून देतो. मला ती वाचताना गुदमरायला झालं, ज्या बाईने मोठ्या घराची मागची पडवी बघितलीय तिला तर नकोच.

जॉर्जेट हेयरची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) घ्या. वॉटर्लूच्या काळातली, कर्जात बुडालेला लॉर्ड आणि व्यापाऱ्याची श्रीमंत पण साधी दिसणारी मुलगी. तो दुसरीच्या प्रेमात असतो, लग्न पैशासाठी करतो. मोठा प्रेमाचा स्फोट वगैरे काही नाही, ती त्याच्या जेवणाखाण्याची, सवयींची काळजी घेत राहते आणि हळूहळू त्याला कळतं की घर म्हणजे ही. काही जणींना ही थंड वाटते, मला वयाच्या पस्तिशीनंतर आवडली. लॉर्ड लॉर्डच राहतो, व्यापाऱ्याची मुलगी व्यापाऱ्याचीच, तुमच्या अटीत बसते.

आणि माझी सगळ्यात लाडकी, बेव्हर्ली जेंकिन्सची 'इंडिगो' (१९९६). अमेरिकेतली, गुलामगिरी संपायच्या थोडं आधीची. हेस्टर लहानपणी गुलाम होती, नीळ करण्याच्या कामात तिचे हात कायमचे रंगलेले आहेत, मोठी झाल्यावर ती पळून आलेल्या गुलामांना घरात लपवते. एके रात्री जखमी होऊन येतो तो गेलन, तोही काळाच, पण न्यू ऑर्लिन्सच्या श्रीमंत, गुलामीत नसलेल्या घराण्यातला. दोघांचा रंग एक, पायरी वेगळी. ती हात लोकांपासून झाकते आणि तो त्या हातांकडे कसा बघतो हे वाचाच. यात जवळीकीचे प्रसंग बऱ्यापैकी आहेत, आजीला वाचून दाखवताना काय गाळायचं ते तुम्ही ठरवा.

मांडवीकाठ

मग हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' पण घ्या, १८७४. मालकीण बाई, मेंढपाळ पुरुष. गेब्रिएल ओक आधी स्वतःचा कळप असलेला असतो, एका रात्री त्याच्या नवशिक्या कुत्र्याने दोनशेच्या आसपास मेंढ्या हाकत नेऊन खडूच्या खाणीत पाडल्या आणि तो रस्त्यावर आला. जिने आधी लग्नाला नाही म्हटलं तिलाच काकाची शेती मिळते आणि हा तिच्याकडे नोकर. वादळाच्या रात्री दोघं मिळून धान्याच्या गंजी झाकतात ते प्रकरण शेती केलेल्या माणसाला ऐकवाच.

कुळागर (डिचोली)

पावणेदोन महिन्यांनी परत आले, उशीर झाला, मध्ये आजीला ताप होता.

'नॉर्थ अँड साउथ' परवा संपली. मिसेस थॉर्न्टनचा, म्हणजे मुलाला तळहातावर जपणाऱ्या त्या कडक आईचा मला राग येत होता पण आजीने तिची बाजू घेतली, म्हणाली हिने गरिबी बघितलीय म्हणून पोराला कोणी कमी लेखलेलं सोसत नाही, माझ्या सासूला तर तेवढं पण कारण नव्हतं. शेवटी मार्गारेट म्हणते की माझे अठरा हजार सत्तावन्न पौंड बँकेत अडीच टक्क्यांवर नुसते पडून आहेत, ते तुम्ही गिरणीला वापरा, तेव्हा आजीने मला थांबवून हिशोब विचारला, वर्षाला साडेचारशेच्या वर पडतात म्हटलं तर म्हणाली पोरगी शहाणी, दान दिलं नाही, व्याजाने दिलं, त्याची मान खाली गेली नाही. मला हे सुचलंच नव्हतं.

काल 'इंडिगो' सुरू केली. हातांचं वर्णन आलं तेव्हा आजीने चष्मा काढून ठेवला. तिचं बालपण भाटकाराच्या काजूच्या बिया फोडण्यात गेलं, त्या तेलाने बोटांची कातडी जाऊन काळे डाग पडायचे, लग्नाच्या आधी महिनाभर ती रोज रात्री हाताला खोबरेल लावून बसायची म्हणे. आजोबांना माहीत होतं का विचारलं तर म्हणाली, "त्यांनीच बाटली आणून दिली होती."

@आबोलीचा_वळेसर, 'महानंदा' मी एकटीने वाचली. आजीला सांगणार आहे, पण पाऊस सरल्यावर. 'भावीण' मिळाली नाही अजून, सोमवारी पणजीला सेंट्रल लायब्ररीत जातेय, 'गारंबीचा बापू' पण तिथेच बघते. कोणाकडे 'भावीण'ची मोठ्या अक्षराची प्रत असली तर सांगा, आजीला एखादं पान स्वतः वाचायचंय.