होंडुरासला घर बांधायला जावं, की तिकिटाचे पैसे तिथल्या गवंड्याला पाठवावेत?

पारिजात (ह्यूस्टन)

आमच्या शेजारच्या चर्चचा एक गट दर उन्हाळ्यात मध्य अमेरिकेत जातो. यंदा होंडुरासला. आठवडाभर राहून एका गरीब कुटुंबाला काँक्रीट ब्लॉकचं दोन खोल्यांचं घर बांधून द्यायचं. खर्च ज्याचा त्याने करायचा, धर्माची अट नाही. शेजारीणबाईंनी मलाही मनापासून बोलावलं. मी जाणार नाही, पण तिकिटाला लागले असते तेवढे पैसे देणार आहे. आपल्यातलीही बरीच मुलं आता अशा गटांबरोबर जाऊ लागली आहेत, म्हणून हा विषय इथे मांडते.

ऑक्टोबर 1998 च्या अखेरीस होंडुरासवर मिच वादळ आलं. दिवसेंदिवस पाऊस, डोंगर खचले, एकट्या त्या देशात पाच हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर अमेरिका-कॅनडातून चर्चचे गट घरं बांधायला लोटले. कर्ट व्हर बीक नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक तेव्हा तिथेच राहत होते. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती, ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवणारे. परदेशी स्वयंसेवकांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं आणि स्थानिक लोकांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं, अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी चौकशी केली. कुटुंबाच्या समाधानात, घर सांभाळण्यात, गावाच्या एकोप्यात काही फरक सापडला नाही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा. प्रवास धरून परदेशी गटाचं घर साधारण 30,000 डॉलरला पडत होतं, आणि स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर साधारण 2,000 डॉलरमध्ये उभं करत होती.

हे वाचल्यावर मला तिथे जाऊन घमेली उचलणं पटत नाही. होंडुरासमध्ये राबणाऱ्या हातांची वाण नाही. ज्या तरुणाला गावात रोजगार मिळत नाही तोच उत्तरेला अमेरिकेची वाट धरतो. त्याचं काम आपण हौसेने आणि फुकट करायचं?

ओळंबा (तळेगाव)

सिव्हिल इंजिनिअर आहे, साइटवर आयुष्य गेलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पारिजात, तुमच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: माणूस गेला नाही तर ते पैसे होंडुरासला जातील. नाही जात. त्याने ते डिस्नेला खर्च केले असते. तुम्ही देताय, त्याबद्दल तुमचं कौतुक, पण शंभरातले किती जण देतील?

दुसरं म्हणजे, अशा कामांची नीट बसवलेली पद्धत असते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था 1976 मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने ख्रिस्ती प्रेरणेतून सुरू केली. घर फुकट देत नाहीत. नफा न घेता कर्ज, हप्ते परत आले की पुढच्या घराला, आणि त्या कुटुंबाने स्वतः श्रमदान करायचं. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ पाटण गावात त्यांनी शंभर घरांचं काम काढलं, तेव्हा जिमी कार्टर 82 वर्षांचे होते आणि हातोडी घेऊन कामाला आले होते. मावळातल्या माणसाच्या घराला अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष हात लावतो, याची किंमत डॉलरमध्ये काढता येत नाही.

आणि कामाच्या दर्जाबद्दल. ओळंबा-लेव्हल स्थानिक गवंडीच बघतो, त्याला मजुरी मिळते. स्वयंसेवक ब्लॉक वाहतात, माल कालवतात, कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा बांधतात. रिंगेचं टोक काटकोनात सोडायचं नाही, 135 अंशात आत वळवायचं, नाहीतर भूकंपात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. गावातले मिस्त्री घाईत हे टाळतात, आपल्याकडेही टाळतात. देखरेख असलेल्या साइटवर ते टाळता येत नाही.

पारिजात

ओळंबा, रिंगांचं पटलं. पण ती देखरेख एका इंजिनिअरची आहे. सोळा वर्षांच्या पंधरा मुलांची त्यासाठी काय गरज? ब्लॉक वाहणं आणि माल कालवणं म्हणजे बिगाऱ्याचं काम, आणि तिथे बिगारी मजुरीसाठी रोज नाक्यावर उभे असतात. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

डिस्नेच्या मुद्द्याचंही उत्तर त्याच अभ्यासात आहे. परत आलेल्या स्वयंसेवकांना विचारलं, तर बहुतेकांनी आमचं देणं वाढलं असं सांगितलं. प्रत्यक्ष देणग्या पाहिल्या तर लक्षणीय वाढ दिसली नाही.

स्पष्टवक्ता

दोघंही मूळ मुद्दा टाळताय. या संस्था घर देतात, शाळेची फी देतात, आणि त्यासोबत चर्चही देतात. नाताळात जगभर खेळण्यांची खोकी वाटणारी एक मोठी अमेरिकी संस्था खोक्यांसोबत बायबलमधल्या गोष्टींची पुस्तिका आणि पुढे धर्मशिक्षणाचा वर्गही चालवते. ज्याच्या घरी पोर उपाशी आहे तो बाप नको म्हणेल का? गरीब मुलांच्या शिक्षणासाठी परदेशी प्रायोजक मिळवून देणाऱ्या कंपॅशन इंटरनॅशनलचं काम तर स्थानिक चर्चमार्फतच चालतं. परदेशी निधीच्या नियमांत अडकून 2017 मध्ये त्यांना भारतातून गाशा गुंडाळावा लागला. त्यांना जावं लागलं यात मला काही गैर वाटत नाही. सेवा करायची तर निखळ करा.

नगरी

मी अहिल्यानगरची मराठी ख्रिस्ती आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

स्पष्टवक्ता, होंडुरासचे लोक आधीपासून ख्रिस्तीच आहेत, बहुतेक कॅथलिक नाहीतर इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहाचे. तिथे प्रश्न असलाच तर या पंथातून त्या पंथात ओढण्याचा आहे, आणि तो विचारण्यासारखा आहे. पण भारतातला वाद उचलून तिथे चिकटवू नका. हॅबिटॅट घर देताना धर्म पाहत नाही. मदतीला श्रद्धेची अट घातली तर ते वाईटच, हे मीही म्हणते, आणि आमच्यातही म्हणणारे पुष्कळ आहेत.

कंपॅशनचं म्हणाल तर 2013 मध्ये त्यांच्या कामावर सहा देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. ज्या मुलांना प्रायोजक मिळाले ती मोठी झाल्यावर, त्यांची त्यांच्याच मोठ्या भावंडांशी तुलना केली. कार्यक्रम गावात आला तेव्हा ज्यांचं वय उलटून गेलं होतं अशी भावंडं. प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. दार बंद झालं तेव्हा भारतात त्यांच्याकडे लाखाहून जास्त मुलं होती. त्यांच्या फीचं पुढे काय झालं, हा प्रश्न तुमच्या प्रतिसादात कुठे दिसला नाही.

आणि पारिजात, तुमच्याशीही माझं थोडं भांडण आहे. पैसे पाठवा, माणूस नको, हे सूत्र सरसकट लावू नका. डॉ. वानलेस हे परदेशी मिशनरी डॉक्टर मिरजेत आले आणि सुमारे चाळीस वर्षं राहिले. मराठी शिकले, इथल्या मुलांना डॉक्टर केलं. माणूस राहिला म्हणून ते झालं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. बाहेरच्या चर्चसंस्थांची मदत होती, पण बाळंतपणं करणाऱ्या, पोरांची वजनं घेणाऱ्या बाया गावातल्याच. कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. डॉक्टरच्या बरोबरीने त्यांना बसवलं. माझा राग आठवड्याभराच्या सहलीवर आहे, फोटो काढून परतणाऱ्यांवर आहे. श्रद्धेवर नाही आणि परदेशी माणसावरही नाही.

स्पष्टवक्ता

आरोळे दांपत्याबद्दल आदर आहेच, त्यावर वाद नाही. पण ते इथलेच होते. लाखभर मुलांच्या फीची जबाबदारी आपल्या सरकारची आणि आपल्या समाजाची. ती परदेशातल्या प्रायोजकावर सोपवून आपण मोकळे झालो, हेच मला खुपतं.

पारिजात

नगरी, राहून काम करणाऱ्यांविषयी दुमत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर आठवड्याच्या पाहुण्यांना मज्जावच हवा. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, आणि महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना सरहद्दीवर पकडलं. अनाथ म्हणून 33 मुलं डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत होते. बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले. मुलांना शाळा मिळेल, खायला मिळेल या आशेने त्यांनी स्वतःच पाठवलं होतं. त्या आईबापांच्या हातात चार पैसे असते तर पोरं कशाला दिली असती?

औसेकर

इथे सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलतायत, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागातली 52 गावं नव्या जागेवर वसवली. कितीतरी गावं बाहेरच्या संस्थांनी, कंपन्यांनी, ट्रस्टांनी दत्तक घेतली. मनापासून घेतली, मी नावं ठेवणार नाही. पण नकाशे बाहेर ठरले. सरळ रस्ते, एका ओळीत सारखी घरं. आमच्या जुन्या माळवदाच्या घराला पुढे चौक होता, बाजूला गोठा, कडब्याची गंजी. नव्या घरात बैल बांधायचा कुठे? शेत दूर पडलं. स्वयंपाकाच्या खोलीला धूर जायला वाट नव्हती, म्हणून आईने मागे चार पत्रे टाकून तिथे चूल मांडली. आतली खोली पुढे बियाणं आणि खताची पोती ठेवायला वापरली. बांधणाऱ्यांपैकी एकाने जरी तिला विचारलं असतं, की बाई, तू भाकरी कुठे करतेस, तर?

त्याच काळात ज्यांची घरं पडली नव्हती, फक्त तडकली होती, त्यांना सरकारने वेगळी वागणूक दिली. पैसे टप्प्याटप्प्याने, सिमेंट-लोखंड वेगळं. घरमालकाने आपला गवंडी लावायचा, इंजिनिअरने येऊन तपासायचं, मग पुढचा हप्ता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. सळई कुठे घालायची, हप्ता कुठे अडलाय, सगळं त्यांना ठाऊक. त्या घरांत लोक नांदले, कारण ठरवलं त्यांनी.

तेव्हा ओळंबासाहेब, 135 अंशाची रिंग आमच्या गवंड्याला शिकवा, तो जन्मभर तशीच बांधेल. आणि पारिजातताई, पैसे पाठवताना एवढंच विचारा की घराचा नकाशा कोण ठरवणार, मजूर कुठले, आणि चूल कुठे येणार.

ओळंबा

औसेकर, गवंडी शिकवण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण शिकवायला कोणीतरी जावं लागेल, आणि ते व्हिडिओ कॉलवर होत नाही. थापी हातात धरूनच शिकवावं लागतं. निवृत्तीनंतर मला बोलावलं तर मी जाईन, आणि आठवड्यापेक्षा जास्त राहीन. सगळ्यांनी फक्त चेक फाडले तर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध उरणार नाही, हे माझं मत अजूनही तसंच आहे.

पारिजात

औसेकर, तुमचे तिन्ही प्रश्न शेजारीणबाईंना इंग्रजीत लिहून दिले. नकाशा इथूनच तयार होऊन जातो, एवढं त्यांना माहीत होतं. चुलीबद्दल काही सांगता आलं नाही, तिथल्या पास्टरना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारून कळवते म्हणाल्या. ओळंबा, तुमच्यासारखा माणूस महिनाभर राहून चार गवंडी तयार करणार असेल तर त्याच्या तिकिटाला मी पैसे देईन. मुलांच्या तिकिटांना देणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. त्या थोड्या नाराज झाल्या. पास्टरचं उत्तर आलं की इथे लिहिते.